पहिली कादंबरी लिहून झालीय, प्रकाशक पैसे मागतायत, द्यावेत का?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. गेली काही वर्षं एक कादंबरी लिहीत होतो, ती या उन्हाळ्यात पूर्ण झाली. विषय बोअरचा आहे. म्हणजे तमिळनाडूहून आमच्याकडं बोअरच्या गाड्या येतात, गावोगाव त्यांचे एजंट असतात, पाणाडी (जमिनीखालचं पाणी शोधून देणारा) हातात नारळ घेऊन जागा दाखवतो, शेतकरी कर्ज काढून सहाशे-सातशे फूट खाली जातो आणि वर नुसता फुफाटा येतो, तर अशी एजंटगिरी करणाऱ्या एका पोराची ही गोष्ट. साधारण ऐंशी हजार शब्द झालेत. आजवर माझं कुठंही काही छापून आलेलं नाही, फेसबुकवर लिहितो तेवढंच.

काही मोठ्या प्रकाशकांना मेल केले, उत्तर नाही. मग ओळखीतून एक प्रकाशक भेटले, ते म्हणतात पासष्ट हजार द्या, पाचशे प्रती काढू, त्यातल्या तीनशे तुम्ही घ्यायच्या, प्रकाशन समारंभाला मोठा पाहुणा आम्ही आणतो. घरी विचारलं तर बायको म्हणाली तुम्हाला समाधान मिळणार असंल तर द्या. पण माझं मन घेत नाही. सगळेच असं करतात का? नवीन माणसानं नेमकं कुठून शिरायचं? आणि दुसरी भीती म्हणजे संहिता अशी कुणालाही मेलवर पाठवली आणि विषयच उचलला तर? जाणकारांनी सांगावं.

ओवी_ठाणे

दादा, कादंबरी पूर्ण केलीत याबद्दल आधी मनापासून अभिनंदन, ऐंशी हजार शब्दांपर्यंत पोचणारी माणसं फार कमी असतात. मी एका दिवाळी अंकाच्या संपादनात बरीच वर्षं आहे, कथा आधी माझ्याकडे येतात, त्यामुळे त्या बाजूनं सांगते.

पासष्ट हजार देऊ नका. त्या पैशात तुमचं पुस्तक छापलं जाईल, पण वाचणारा मिळणार नाही. जो प्रकाशक लेखकाकडूनच सगळा खर्च वसूल करतो त्याला पुस्तक विकायची गरज उरत नाही, त्याचा नफा पहिल्याच दिवशी झालेला असतो. तीनशे प्रती तुमच्या घरी येणार म्हणजे विकायचं कामही तुमचंच. उरलेल्या दोनशे कुठे जातील हे त्यांना विचारून बघा, कुठल्या शहरात, कुठल्या दुकानात, कुठल्या वितरकाकडे, आणि तेच काय उत्तर देतात ते ऐका.

आता कुठून शिरायचं. मराठीत लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणारा एजंट हा प्रकार जवळपास नाहीच, लेखक थेट संपादकाशी बोलतो, आणि नव्या कथालेखकासाठी सगळ्यात उघडा दरवाजा अजूनही दिवाळी अंक हाच आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही वाट आहे आणि इतकी पडझड होऊनही ती बंद झालेली नाही. दरवर्षी शेकडो अंक निघतात, त्यातले कथेकडे गंभीरपणे बघणारे थोडे असतील, पण त्या थोड्यांना दरवर्षी नवी नावं हवी असतात, हे मी आतून सांगतेय. आम्ही जूनपासून वाचायला बसतो, जुलै संपेपर्यंत बहुतेक पानं ठरलेली असतात, ऑगस्टच्या शेवटी आलेली चांगली कथासुद्धा पुढच्या वर्षावर जाते कारण तोवर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, सुरू झालेलं असतं. लोक गणपतीत कथा पाठवतात आणि मग उत्तर नाही म्हणून खट्टू होतात. मे महिन्यात पाठवा. एका अंकाला एकच कथा, आणि तीच कथा त्याच वेळी दुसऱ्या अंकाला नको, कारण दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

दिवाळीव्यतिरिक्त 'साधना', 'अनुष्टुभ' अशी नियतकालिकं आहेत, आणि तुम्ही मराठवाड्यातले आहात तर मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' तुमच्या घरचंच म्हणायचं. मानधनाची फार अपेक्षा ठेवू नका, काही ठिकाणी मिळतं, बऱ्याच ठिकाणी फक्त अंक मिळतो. मात्र कथा छापून आली की ती प्रकाशकांकडचे संपादक वाचतात. कथेखाली लेखकाचा फोन नंबर छापतात तो त्यासाठीच, मला माहितीतल्या कितीतरी लेखकांना पुस्तकाची विचारणा त्या नंबरवरच आलीय.

एक विनंती, कादंबरीतलं प्रकरण तोडून कथा म्हणून पाठवू नका. तोडलेलं लगेच कळतं, सुरुवातीला माणसं ओळखीची असल्यासारखी येतात आणि शेवट लोंबकळत राहतो. पाणाड्यावर एक स्वतंत्र कथा लिहा ना. नारळ हातात उभा राहतो तेव्हा त्या माणसाला स्वतःला काय वाटत असतं, त्याचा स्वतःचा त्या नारळावर विश्वास असतो का, मला तरी हे वाचायला आवडेल.

फर्मा_जुळणी

मी पुण्यात डीटीपी आणि छपाईच्या कामात आहे, प्रकाशकांचीच कामं करतो, तर पैशाचा हिशोब मांडतो म्हणजे समोरच्याशी बोलताना अंदाज राहील.

ऐंशी हजार शब्द म्हणजे डेमी आकारात (पुस्तकाच्या पानाचा एक ठरलेला आकार), डोळ्याला त्रास न होणारा टाइप धरला तर साधारण २८० ते २९० पानं. छपाई फर्म्यात मोजतात, एक फर्मा सोळा पानांचा, म्हणजे अठरा फर्मे, २८८ पानं. त्यात अक्षरजुळणी, दोनदा तरी मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक. पाचशे प्रतींना पासष्ट हजार म्हणजे प्रतीला १३० रुपये पडले. कागद आणि बांधणी कशी देतायत त्यावर ठरेल, पण एवढ्या पैशात छपाईचा जवळजवळ सगळा खर्च तुमच्याच खिशातून निघतोय. म्हणजे जोखीम सगळी तुमची आणि नाव त्यांचं.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण प्रकाशकांना सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. पुस्तकाची किंमत समजा ४०० ठेवली. वितरक आणि दुकानदार मिळून त्यातले ३५ ते ५० टक्के घेतात. उरलेल्या दोनशे-अडीचशेत छपाई, लेखकाचं मानधन, ऑफिसचं भाडं, संपादकाचा पगार, गोडाऊन. वर नव्या लेखकाची पाचशेची आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. म्हणून हल्ली बरेच जण आधी दोनशे-तीनशेच प्रती डिजिटलवर काढतात आणि मागणी बघून पुन्हा छापतात. हे वाईट नाही, उलट बरंय. नव्या लेखकाला हजाराची आवृत्ती काढली असं सांगून प्रत्यक्षात तीनशे छापणं यापेक्षा तीनशे सांगून तीनशे छापणारा माणूस केव्हाही चांगला.

रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या दहा टक्के धरा. ४०० च्या पुस्तकाला ४० रुपये, पाचशेच्या पाचशे खपल्या तर वीस हजार. यावर घर चालत नाही, ते मनात पक्कं करूनच लिहायचं. आणि "काही प्रती लेखकानं सवलतीत घ्याव्यात" ही अट बरेच चांगले प्रकाशकही घालतात, पन्नास-शंभर प्रती असतील तर तेवढ्यावरून माणूस फसवा ठरत नाही. तीनशे मात्र फार झाल्या.

रंकाळा७२

मी जरा वेगळं बोलणार, राग मानू नये. वर सगळे प्रकाशकाच्या दारात थांबायला सांगतायत, पण किती दिवस थांबायचं? संहिता पाठवली की सहा महिने, वर्ष, काही वेळा पोच सुद्धा नाही. मी माझा कथासंग्रह स्वतः काढला, कोल्हापुरातच छापून घेतला, दुसऱ्याच्या नावाला पैसे दिले नाहीत तर स्वतःच प्रकाशक झालो. पुस्तकाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, लागतो तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मिळतो आणि त्याला एक रुपयासुद्धा लागत नाही, पोर्टलवर अर्ज करायचा, कागदपत्रं नीट असली की येतो. हे मुद्दाम सांगतोय कारण आयएसबीएनचे म्हणून चार-पाच हजार उकळणारे लोक आहेत.

विक्रीचं म्हणाल तर साहित्य संमेलनं, तालुक्याची ग्रंथप्रदर्शनं, कॉलेजं, सगळीकडे स्वतः टेबल लावून बसलो. वाचक समोर उभा राहून दोन पानं वाचतो आणि मग पाकीट काढतो, ते बघण्यात जे आहे ते कुठल्या दुकानात मिळत नाही. आणि सार्वजनिक वाचनालयं विसरू नका, राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालयं आहेत, मराठी कादंबरीचा खरा गिऱ्हाईक तोच. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीत पुस्तक लागलं की वाचनालयांना घेणं सोपं जातं, त्यासाठी प्रती पाठवाव्या लागतात, वेळ जातो, पण करावं.

शिवाय किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं, ऑनलाइन विक्रीला बुकगंगा आहे, प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर तर प्रकरणं टाकत टाकत हजारो वाचक जमवलेले लेखक आहेत. तिथला वाचक वेगळा आहे एवढंच, त्याला रोज पुढचा भाग हवा असतो.

ओवी_ठाणे

रंकाळा, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे आणि आयएसबीएनचं सांगितलंत ते फार बरं केलंत. पण एक गोष्ट तुमच्या हिशोबात नाहीये, संपादन. पहिल्या कादंबरीला छापखान्यापेक्षा जास्त गरज असते ती "हे मधलं सत्तर पानांचं लग्न कशासाठी आहे" असं विचारणाऱ्या माणसाची. 'सत्यकथा' मासिकात संपादक राम पटवर्धन नव्या लेखकांना पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावायचे, एकेका शब्दावर चर्चा व्हायची, त्यातून लेखक घडले. १९८२ ला 'सत्यकथा' बंद पडलं आणि तसं करणारी माणसं आता मोजकीच उरलीत, पण आहेत. स्वतः छापताना ही पायरी गळते. तुम्ही गाळली असं म्हणत नाही, बहुतेकांची गळते. स्वतःच काढायचं ठरलं तरी आधी एखाद्या चांगल्या संपादकाला पैसे देऊन वाचून घ्या, पासष्टातले दहा-पंधरा तिकडे गेले तर ते सत्कारणी लागले.

कलम_एकोणीस

चोरीच्या भीतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्यवसायानं वकील आहे, वाचक म्हणून इथे असतो.

कोरडवाहू सर, तुम्ही लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला, त्याला नोंदणीची गरज नाही. १९५७ च्या कायद्यानं तो तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. तरीही मनाची शांतता हवी असेल तर नोंदणी ऑनलाइन होते, साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे. नुसत्या विषयाला मात्र संरक्षण नसतं, बोअरवर उद्या कुणीही कादंबरी लिहू शकतो, संरक्षण तुमच्या लिखाणाला आहे. प्रकाशकाला मेल केलेली संहिता हाच तारखेसकट पुरावा असतो, म्हणून घाबरू नका, पाठवा.

नव्या लेखकांचं नुकसान चोरीतून क्वचित होतं. ते होतं करारातून, किंवा करारच नसल्यामुळे. पहिलं पुस्तक निघतंय या आनंदात माणूस काय वाट्टेल त्यावर सही करतो. त्या पासष्ट हजारवाल्यांनी कागद दिलाय का? दिला असेल तर बघा "सर्व हक्क प्रकाशकाकडे" असं एक वाक्य टाकलेलं आहे का. कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे त्यात असायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि प्रकाशकानं घेतलेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. ही शेवटची ओळ महत्त्वाची, कारण संहिता घेऊन वर्षानुवर्षं दाबून ठेवणारेही असतात.

माझा सल्ला, फक्त मराठी छापील आवृत्तीचा हक्क द्या, तोही ठरावीक वर्षांसाठी किंवा आवृत्तीपुरता. अनुवाद, नाटक, सिनेमा, वेबसिरीज, ऑडिओ हे सगळं स्वतःकडे ठेवा, किंवा प्रत्येकाची टक्केवारी वेगळी लिहून घ्या. बोअरच्या एजंटवर उद्या कुणाला सिनेमा करावासा वाटला तर? वाटू शकतं. आणि विक्रीचा हिशोब वर्षातून एकदा लेखी देण्याची अट घाला. ही अट ऐकून कुणी चिडलं तर तिथे सही करू नका.

कोरडवाहू

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्या प्रकाशकांना आज नाही म्हणून कळवलं. कागद त्यांनी दिला होता, वकीलसाहेब म्हणतात तीच ओळ होती त्यात.

अजून दोन गोष्टी. माझी कादंबरी निम्म्याच्या वर बोलीत आहे, संवाद तर सगळेच, निवेदनही पोराच्या तोंडचं आहे. इथले एक प्राध्यापक म्हणाले पुण्या-मुंबईचे संपादक हे वाचणार नाहीत, निवेदन प्रमाण भाषेत करून घ्या. मला ते करवत नाही. आणि मेलमध्ये नेमकं लिहायचं काय? मी आतापर्यंत नुसती फाईल जोडून "कृपया विचार व्हावा" एवढंच लिहीत होतो.

ओवी_ठाणे

करू नका! कृपा करून करू नका. रा. रं. बोराडे तुमच्याच जिल्ह्यातले, त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ ची, एका बाईच्या तोंडून अख्खी मराठवाड्याच्या बोलीत सांगितलेली आणि आजही वाचली जाते. पुण्या-मुंबईचा वाचक अडला तर तो अडतो बोलीच्या अतिरेकी सजावटीवर, म्हणजे लेखक दर ओळीला म्हण आणि शिवी टाकून गावरानपणा दाखवायला लागतो तेव्हा. तुमचा पोरगा जसा बोलतो तसा बोलू द्या. फक्त एक शब्द सगळीकडे एकसारखा लिहा, एकदा "तिथं" एकदा "तितं" असं झालं की प्रूफं तपासणारा बिचारा त्यातलं चूक कुठलं आणि मुद्दाम कुठलं हे ओळखू शकत नाही. बोलीतल्या शब्दांच्या लेखनाची एक यादी करून संहितेसोबत जोडा, फार उपयोग होतो.

मेलचं. विषयात "कादंबरी, प्रकाशनासाठी" आणि कादंबरीचं नाव. आत पहिल्या परिच्छेदात तीन-चार वाक्यांत गोष्ट कुणाची आणि पेच काय ते सांगा. तुम्ही इथे पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलंत ना, पाणाडी, नारळ, फुफाटा, तेच जवळजवळ तसंच्या तसं घाला, मी ते वाचून थांबले होते. मग शब्दसंख्या, तुमची दोन वाक्यात ओळख, आणि कुठे कथा आली असेल तर त्याचा उल्लेख. "आपल्या नामांकित संस्थेकडून" वगैरे स्तुती नको. सोबत दोन पानांचा सारांश ज्यात शेवट काय होतो तेही असेल, शेवट लपवू नका. आणि पहिली तीन प्रकरणं. पूर्ण संहिता मागितली की पाठवायची.

पाठवायचं कुणाला हे वाचनालयात ठरवा, यादी बघून नको. तुम्हाला आवडलेल्या, तुमच्या कादंबरीच्या जातकुळीतल्या गेल्या दहा वर्षांतल्या कादंबऱ्या काढा आणि कुणी छापल्यात ते बघा. राजहंस, पॉप्युलर, मौज, रोहन, शब्द, लोकवाङ्मय गृह, संभाजीनगरचं साकेत, प्रत्येकाची निवड निराळी आहे. जो फक्त अनुवाद आणि आरोग्यावरची पुस्तकं काढतो त्याच्याकडून उत्तर येत नाही याचं दुःख करून उपयोग नाही. तीन महिन्यांनी एक विचारणा करा, फोननं केली तरी चालते, मराठीत अजून फोनला मान आहे.

शेगडी

वाचत होते, दोन भर घालते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, कादंबरीलाही मिळतं, जाहिरात येते तेव्हा अर्ज करायचा असतो, मंडळाच्या साइटवर लक्ष ठेवा. संहिता तज्ज्ञ वाचतात आणि निवडतात, म्हणजे पैशापेक्षाही एक शिक्का मिळतो. फक्त ती दुसरीकडे छापायला देऊन बसलात तर अर्ज करण्यात अर्थ नाही, म्हणून आधी हे बघा.

आणि गावातून होत नाही असं वाटत असेल तर, तुळजापूरला शिलाईकाम करणाऱ्या देविदास सौदागर यांना 'उसवण' कादंबरीसाठी २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. औसा तिथून किती लांब आहे? युवा पुरस्काराला पस्तिशीची अट असते, तुमचं वय माहीत नाही, पण शासनाच्या वाङ्मय पुरस्कारात पहिल्या पुस्तकासाठी वेगळा विभाग असतो.

फर्मा_जुळणी

एक तांत्रिक राहिलं. सर, तुम्ही टाइप कशात केलंय? श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतात, आणि संपादक ती फाईल बंद करतो, कळवतही नाही. कदाचित तुमच्या मेलना उत्तर न येण्याचं ते एक कारण असेल. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल अशा अक्षरांत, करून घ्या, कन्व्हर्टर फुकट मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून बदलल्यावर पूर्ण वाचावंच लागतं. वर्डची फाईल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही जोडा. बोलीतले शब्द बिघडलेत का हे मला कळणार नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल, बाकी फाईल बदलून द्यायची असेल तर इथे मेसेज करा, करून देतो.